चार नळ्या आणि एक पळी

गोकुळ रोड, हुबळी
शुक्रवार, दुपारचे जेवण झाल्यावर

प्रिय पुंडलिकराव,

साष्टांग घालावा तर कंबर साथ देत नाही, आणि नवऱ्याने मेहुण्याला साष्टांग घातलेला तुमच्या अक्काला खपणारही नाही. तेव्हा खुर्चीत बसूनच सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे (हे वाक्य आरंभी लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, पत्र वाचून झाल्यावर त्याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेला व्यायाम करता, की अजून एरंडेल चोळून भागवता? दोन्ही करत नसाल तर निदान फोनवर खोटे तरी नीट बोला. गेल्या रविवारी फोन ठेवल्याबरोबर तुमची अक्का म्हणाली, "पुंड्या खोटं बोलतोय. गुडघ्याला हातसुद्धा लावलेला नाही त्यानं." अळणावरच्या माणसाचे खोटे जी हुबळीत बसून ओळखते, तिच्याशी एकाच छपराखाली मी चव्वेचाळीस वर्षे कसा राहिलो असेन, याची कल्पना करा. माझ्या सध्याच्या चिंतेचे एक मूळ तेच आहे. पण ते ओघाने येईल.

आमच्या घरामागची ती मोकळी जागा तुम्हांला आठवत असेलच. तुमच्या अक्काचे लग्न ठरले तेव्हा तुम्ही हाफपँटमध्ये तिथे आला होता आणि अप्पांच्या लॉरीच्या टपावर चढून उतरायला नकार दिला होता. अप्पांच्या तीन लॉऱ्या, एक सदा आजारी क्लीनर, आणि जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी एवढा त्या अंगणाचा संसार. टाकीचे गोल लोखंडी झाकण तेवढे मातीबाहेर दिसायचे आणि हिवाळ्यात उन्हाने मस्त कोमट व्हायचे. त्या झाकणावर बसून मी प्राथमिक शाळेतल्या सगळ्या कविता पाठ केल्या. अप्पांना वाटे, पोरगा टाकीची राखण करतो आहे, पुढे धंदा सांभाळील. पोरगा टाकीवर बसून डोंगरावरच्या ढगांना हाका मारत होता. परिणाम असा झाला, की डिझेलचा वास आणि कविता या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या एकमेकींना चिकटल्या. आजही सुमंत पंपावर गाडी थांबवतो तेव्हा मला इयत्ता तिसरीचे पुस्तक पहिल्या पानापासून आठवू लागते, आणि टाकी भरून होईपर्यंत मी साधारण सातव्या कवितेपर्यंत पोचतो. (सुमंत म्हणतो, "बाबा, काच वर घ्या, लोक बघतायत." चिरंजीव इंजिनियर झाले, चालायचेच.) पुढे लॉऱ्या गेल्या, अप्पा गेले, आणि सुमंत दहावीला होता त्या वर्षी टाकीही उकरून भंगारात दिली. तिला ट्रॅक्टरवर घालून नेली तेव्हा मी निरोपाचे आठ श्लोक केले होते. ट्रॅक्टरवाल्याने चार ऐकले.

आता त्या जागेवर आमची सून वेदश्री बालवाडी काढते आहे. नुसता बेत नव्हे. पत्र्याची शेड उभी राहिली, भिंतीला निळा रंग लागला, बावीस मुलांची नावे आली आणि बुटके बाक करणारा सुतारही मिळाला. माझा या सगळ्याशी संबंध काय, तर रोज साडेदहा ते अकरा कवितेचा तास माझा. पुंडलिकराव, तुम्ही लाकडाच्या वखारीत जन्म काढला, तुम्हांला कळणार नाही. पण चौतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला सतरा वर्षे कोणी वर्गच दिला नाही म्हणजे काय होते? त्याच्या आत कविता साठत जातात आणि त्यांना बाहेर यायला नळ नसतो. मी भाजीवालीला म्हणून दाखवतो, ती वजनात मारते. शेजारी सतीशचे मशिनरीचे सुटे भाग धुऊन द्यायचे वर्कशॉप आहे, त्याच्या कुंपणाशी उभा राहून म्हणतो, तर तो बिचारा मान डोलावतो, पण कानांत कापसाचे बोळे असतात. अशा माणसाला बावीस मुले आणि अर्धा तास! वेदश्रीने मला अट मात्र आधीच घातली. म्हणाली, "बाबा, तास तुमचा. पण मुलांच्या बाबतीत मला बेभरवशाचं माणूस चालणार नाही. एक गोंधळ झाला की तास आईंना." तुमच्या अक्काला कवितेचा तास! ती मुलांना पाढे म्हणायला लावील आणि मधूनच भेंडी चिरायला बसवील. तेव्हापासून मी घरात अत्यंत भरवशाने वागतो आहे. दूध उतू गेले तेव्हाही मी तिथे नव्हतो, आणि याला दोन साक्षीदार आहेत.

तर परवानगीच्या कागदात एक प्रश्न होता: या जागी पूर्वी इंधनाचा साठा होता काय? सुमंत म्हणाला, "नाही लिही गं, कोण बघतंय." वेदश्रीने ठळक अक्षरांत "होय" लिहिले. वर म्हणाली, पोरं याच बोअरचं पाणी पिणार, खाली जुनं डिझेल मुरलेलं असेल तर मला शाळाच नको. मला तिचा अभिमान वाटला, आणि माझ्या तासाची काळजीही. मग तपासणी ठरली, आणि धारवाडहून हेमावती नावाची मुलगी आली. मूळची गदगची, अंगावर चमकणारे जाकीट, पायांत लष्करी बूट, बोलणे अस्सल धारवाडी कन्नडात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा "री". मी मास्तर आहे कळल्यावर तिने वाकून नमस्कार केला. (आमच्या सुमंतने शेवटचा नमस्कार मुंजीत केला होता, तोही भटजींनी मान दाबली म्हणून.) तिच्याबरोबर जमिनीत भोके पाडणारा नागोजी. तो तुमच्याच बाजूचा, अळणावरच्या पलीकडल्या खेड्यातला. तुमची वखार त्याला ठाऊक आहे आणि तुमच्याबद्दल त्याचे जे मत आहे ते मी पत्रात लिहीत नाही.

या तपासणीची रीत मोठी गोड आहे. टाकी होती तिथे एक, तिच्या उताराच्या अंगाला दोन, आणि चढाच्या अंगाला, सतीशच्या कुंपणाजवळ माझ्या चाफ्याखाली एक, अशी चार भोके पाडायची. चढाचे कशाला, तर पाणी जमिनीखालूनही वरून खाली वाहते. वरचे पाणी स्वच्छ आणि खालचे घाण निघाले तर दोष टाकीचा. म्हणजे चढावरची एक नंबरची नळी ही वर्गातली हुशार मुलगी, तिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. नागोजी मळसूत्री गिरमिट फिरवत खाली जायचा, वर आलेली माती हेमावती काचेच्या बरण्यांत भरायची, बरण्या बर्फाच्या पेटीत ठेवायची, आणि प्रत्येक बरणीचा रंग, ओल, वास वहीत लिहायची. टाकीच्या जागची माती वर आली तेव्हा मला राहवले नाही. मी मूठभर हातात घेतली, डोळे मिटले आणि हुंगली. साठ वर्षांपूर्वीचे ते कोमट झाकण, ते ढग, तो डोंगर... काहीच आले नाही. नुसती माती. नागोजी म्हणाला, "मास्तर, म्या बी हुंगली. ह्यात काय बी न्हाई. शेणाचा बी वास न्हाई." हेमावतीने "वास: नाही" असे लिहिले. मी तिला म्हटले, बाई, "किंचित, आठवणीसारखा" असे लिहिता येईल का? ती म्हणाली, "इल्री सर, तसा रकाना नाही."

मग भोकांत मनगटाएवढ्या जाड प्लॅस्टिकच्या नळ्या बसल्या, खाली बारीक चिरा असलेल्या, म्हणजे पाणी आत येते आणि माती बाहेर राहते. वर टोपण, टोपणाला कुलूप. पाणी निवळायला तीन आठवडे थांबायचे होते, तेव्हा किल्ली ठेवायची कुणाकडे? हेमावतीने अंगणात उभ्या सगळ्यांकडे एकदा बघितले. सुमंत, वेदश्री, तुमची अक्का, सतीश. आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "कीली निम्म कडे इरली री, सर." किल्ली तुमच्याकडेच राहू दे. का, तर मी मास्तर. शिवाय शेडमध्ये एक नोंदवही टांगली: तारीख, नळी क्रमांक, कोण गेले, शेरा. म्हणाली, नळीजवळ कोणी गेले की लिहायचे. चौतीस वर्षे मी हजेरी घेतली आहे. कोरा रकाना मला बघवत नाही. मी तीन आठवडे ती वही अत्यंत इमानाने भरली, आणि शेऱ्याच्या रकान्यात थोडी कलाकुसरही केली. (मध्ये एकदा हेमावती पाण्याची पातळी मोजायला आली तेव्हा तिने वही चाळली. मराठी तिला कळत नाही, पण देवनागरी अक्षरे शाळेत शिकलेली; तिने एक शेरा चालीवर वाचला आणि म्हणाली, "सर, भुजंगप्रयात! आम्हांला कन्नडात होता की री." पुंडलिकराव, त्या दिवशी मी जेवलो नाही तरी चालले असते. जेवलो.)

याच दिवसांत घरात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे चाफ्याखाली डास फार झाले. संध्याकाळी मी तिथे खुर्ची टाकून बसतो ना, तर पायाला नुसते चघळत. (त्याचा बंदोबस्त मी माझ्या पद्धतीने केला, ते इथे महत्त्वाचे नाही.) दुसरी म्हणजे तुमच्या अक्काला देवाच्या तीर्थाला वास येऊ लागला. पहिल्या शुक्रवारी तिने तीर्थ घेतले आणि थांबली. "काय हो, कसला वास येतोय तीर्थाला?" मी म्हटले, तुळस जुनी असेल. दुसऱ्या शुक्रवारी तिने तीर्थ बाहेर ओतले आणि सगळ्या घराला हाक मारली. "अगं वेदश्री, बोअरला डिझेल लागलं! माझ्या देवानं डिझेल प्यायलं!" वेदश्रीने पाणी हुंगले, सुमंतने हुंगले, माठातले, नळाचे, हंड्यातले. कशालाच वास नाही. फक्त तीर्थाला. तुमची अक्का म्हणाली, देवाला आधी कळतं. या एका वाक्यानंतर घरात कोणी पोटभर पाणी पीत नाही, सुमंत ऑफिसातून वीस लिटरचा जार आणतो, आणि तुमची अक्का देवाला जारचे पाणी घालते तेव्हा आधी त्याची क्षमा मागते.

मग नमुने घ्यायचा दिवस आला. नळीतले शिळे पाणी आधी उपसून टाकायचे आणि मग ताजे आलेले बाटलीत धरायचे. त्यासाठी एक लांब पोकळ कांडी असते, ती दोरीने आत सोडतात. दोन, तीन, चार नंबरचे पाणी वर आले. गढूळ, निरागस. मग एक नंबर, चाफ्याखालची, हुशार मुलगी. नागोजीने कांडी वर ओढली आणि म्हणाला, "आरं तिच्या! मास्तर, हे बघा." पाण्यावर इंद्रधनुष्य! तांबडा, निळा, जांभळा, असे वर्तुळावर वर्तुळ हलते आहे आणि वर चाफ्याची सावली. मी भान विसरलो. इंद्रधनुष्यावर आपल्याला चौथीत जी कविता होती तिची दोन कडवी मी तिथेच म्हटली, तिसऱ्याला लागणार इतक्यात बघतो, तर हेमावतीचा चेहरा पांढरा, आणि वेदश्री तर शेडच्या खांबाला धरून उभी. कोणी कवितेकडे लक्ष देत नव्हते. हेमावतीने कांडी नाकाशी नेली. "वास येतोय री," एवढेच म्हणाली. मी त्या वेळीही मनात म्हणत होतो, की अरेरे, अप्पांची टाकी शेवटी बोलली.

परवा, बुधवारी, अहवाल आला. दोन, तीन, चार नंबर: काही नाही. टाकीच्या जागची माती: काही नाही. अप्पा निर्दोष. पण एक नंबरमध्ये रॉकेल. डिझेल नव्हे, रॉकेल. पुन्हा वाचा, पुंडलिकराव, मीही पुन्हा वाचले होते. हेमावती अहवाल घेऊन स्वतः आली आणि डोके धरून बाकावर बसली (बाक बालवाडीचा, तिचे गुडघे कानांशी). पाणी वरून खाली येते, घाण चढाला कशी गेली? आणि टाकीत डिझेल होते तर रॉकेल कुणाचे? मग सगळ्यांच्या माना एकदम कुंपणाकडे वळल्या. चढाच्या अंगाला कोण? सतीश. सुटे भाग कशात धुतो? रॉकेलसारख्याच कशात तरी. झाले! सतीश धावत आला, हात तेलकट, कानांत बोळे तसेच. "वैनी, देवाशप्पथ, माझा एक थेंब बाहेर जात नाही. खाली काँक्रीट आहे, पिंप आहे, या की, बघा की!" वेदश्रीने बघितले. तरी म्हणाली, सतीशभावजी, तुमच्यावर राग नाही, पण मला बावीस मुलांच्या आयांना तोंड द्यायचं आहे. सोमवारी ती सतीशविरुद्ध लेखी तक्रार देणार आणि त्याच दिवशी शाळेचा अर्ज मागे घेणार. सुताराला तिने तेव्हाच परत पाठवले. तो जाताना तीन बाक घेऊन गेला, चौथ्यावर हेमावती बसली होती म्हणून तो राहिला. सतीशने तेवढ्यात धारवाडी पेढ्यांचा डबा पाठवला, तो कोणी उघडला नाही, हे लक्षात घ्या. आमच्या घरात! वेदश्री रात्री भिंतीचा निळा रंग नखाने खरवडत बसली होती. मला म्हणाली, "बाबा, तुमचा तास गेला हो." माझ्या तासाचे तिला वाईट वाटले. मी आत गेलो, देवघराशी उभा राहिलो, आणि परत आलो.

बाकी सर्व ठीक. लिंबाचे लोणचे मुरले आहे, कोणी आले तर बरणी पाठवतो. गुडघ्याला जपा, आणि आपल्या चार भिंतींतले हे दुःख कोप्पीकर रोडवरच्या तुमच्या भाच्याच्या कानावर घालू नका, तो दुकानात बसतो, संध्याकाळपर्यंत राणेबेन्नूरला पोचेल.

तुमचा मनापासून,
वादिराज

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. दसऱ्याला आलात तेव्हा तुम्ही माझ्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागू नये म्हणून काकवीच्या बाटलीतून रॉकेल आणले होते. जुन्या रेशनचे, निळे. ते कपाटाला निम्मेच लागले. उरलेल्या निम्म्यातले मी दर गुरुवारी संध्याकाळी एक पळी असे एक नंबरच्या नळीत घातले. डासांसाठी. साचलेले पाणी दिसले की त्यात रॉकेल, हे माझ्या आईने मला बाराखडीच्या आधी शिकवले. मुंग्या लागल्या, रॉकेल. गंजलेला नट, रॉकेल. शेजारच्या मुलीच्या डोक्यातल्या उवा, रॉकेल. पुंडलिकराव, ते इंधन आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही हो! मी त्याला आजन्म औषध समजत आलो. परवा अहवालात छापलेले बघितले तेव्हा मला एकदम दोन इंद्रधनुष्ये दिसली, आणि त्यांतले एकही सुंदर नव्हते. कबूल तर करायलाच हवे. सोमवारच्या आत, नाहीतर सतीश हकनाक मरतो आणि शाळाही. पण मी कबूल केले तर माझा तास तुमच्या अक्काकडे जातो. म्हणून विचार करता करता असे सुचले, की तुम्ही कबूल करावे. रॉकेल तुमचेच. वाळवीचा, डासांचा, सगळ्या किडामुंगीचा अभ्यासही तुमचा. अळणावराहून एक ओळ लिहा: "येऊन गेलो तेव्हा नळीत थोडे रॉकेल घातले, क्षमा असावी." तुम्हांला कोणी काही करणार नाही. तुमच्याबद्दल या घरात आधीच कोणाच्या फारशा अपेक्षा नाहीत.

ता. क. दुसरा. पळी कुठली, असे अक्का विचारील. चमचे तिच्या राज्यातले, मोजलेले. नळी अरुंद आणि खोल, म्हणून लांब दांड्याची लागते. तेव्हा संध्येची तांब्याची पळी. दर वेळी राखेने घासून जागेवर ठेवली होती. आता कळते, की राखेने वास जात नाही. तीर्थाचा उलगडा झाला असेलच. तुम्ही कबुलीत पळीचा उल्लेख टाळा. रॉकेलची ती कदाचित क्षमा करील, पळीची सात जन्म नाही.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करता करता घात आठवला. नोंदवही! मी दर गुरुवारी शेरा लिहिला आहे. श्लोकांत. तिन्ही. मराठी वाचणारे कोणी अजून त्या वहीकडे फिरकले नाही, पण फिरकले तर मेलो. तेव्हा कबुलीत असेही लिहा, की श्लोकही तुमचेच. पहिले दोन खुशाल घ्या, दुसऱ्यात एक मात्रा लंगडते आहे. तिसरा मात्र तुमचा आहे असे कोणी मानणार नाही, आणि खरे सांगतो, मला तो देववत नाही. तो असा:

गुरूवार सांजे नळी खोलुनीया
पळी एक रॉकेल मी ओतुनीया
म्हणे, डास वाढो न पाण्यात येथे,
पुढे बालकांचे घडो पाठ जेथे.

एकही जागा अडत नाही, म्हणून बघा. तो माझ्याच नावावर राहू द्या. बाकीचे काय ते तुम्ही निस्तरा. पत्र वाचून फाडा. घाईने वेदश्रीच्या हाती पोस्टात टाकायला देतो आहे.

*

मामा, नमस्कार. मी वेदश्री. बाबांनी पाकीट माझ्या हाती दिले, पण ते चिकटवले नव्हते आणि वर पत्ता आमचाच लिहिला होता. म्हणून उघडावे लागले. पत्र बारा दिवस उशिरा पाठवते आहे, त्याचे कारण खाली येते.

वाचल्यावर आधी मी चपला न घालताच शेडमध्ये धावले. वही तिथेच होती. मामा, तिन्ही शेऱ्यांत तारीख आहे, नळीचा नंबर आहे, काय घातले, किती घातले, कशासाठी घातले, खाली पूर्ण सही. हेमावती म्हणाली, तिच्या नोकरीत इतकी स्वच्छ नोंद तिच्या साहेबांनीसुद्धा केलेली नाही. आईंची पळी आम्ही मोजली, साडेपाच मिली. (आई तीन दिवस बाबांशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, ते मी लिहीत नाही.) नागोजीने एक नंबरची नळी दोन दिवस उपसली, नमुना परत गेला, आणि काल कळले, पाणी स्वच्छ (पत्र त्यासाठीच थांबवले होते). सतीशभावजींचे पेढे उघडले, संपलेही. सुतार बाक घेऊन आला. आणि डास नळीत नव्हतेच, तुळशीमागच्या फुटक्या कुंडीत होते.

तास बाबांचाच आहे. ज्या माणसाला गुन्हासुद्धा वृत्तात आणि तारखेसह लिहिल्याशिवाय करता येत नाही, त्याच्याहून भरवशाचा मास्तर मला कुठे मिळणार? तेव्हा तुम्ही काही कबूल करू नका. (तुम्ही केलेले नाहीच, तरी आईंचा संशय आहे, की बाटलीमुळे अर्धा दोष तुमचा. गुडघ्याचेही त्या विचारत होत्या.)

आता खरी अडचण. अहवालाला बाबांचा तो शेरा कन्नडात करून, त्यांच्या सहीने जोडायचा आहे. तेवढे झाले की परवानगी. मी अर्थ सांगितला, हेमावतीने केला: "गुरुवारी संध्याकाळी डासांसाठी एक चमचा रॉकेल घातले." बाबा म्हणाले, पळीचा चमचा केलात, बालकं गाळलीत आणि यमक कुठं आहे? असल्या कागदावर मी सही करणार नाही. पाच दिवस झाले. दोघे चाफ्याखाली बसून कन्नडात भुजंगप्रयात जुळवतायत, तीन ओळी झाल्या, चौथी अडली आहे, आणि हेमावतीलाही आता नाद लागला आहे. सोमवारी मुले यायची आहेत. तुम्ही पहिल्या गाडीने या आणि सही करवून घ्या.

येताना काही आणू नका. बाटलीतून तर काहीच नको.